दगडाला हात

आमच्या अंगणात रोज राख पडायची. पहाटे उठून पाहिलं तर शहाबादी फरशीवर, तुळशीच्या पानांवर, दोरीवर विसरलेल्या टॉवेलवर करडा थर बसलेला असे, पिठाच्या गिरणीत बसतो तसा. एकलहऱ्याला वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेल्या कुणालाच याचं नवल नव्हतं. वारा कुठून सुटलाय हे आम्ही खिडकीच्या गजावरून बोट फिरवून सांगायचो. बाबा केंद्रात कोळशाच्या विभागात होते. आई नाशिकरोडच्या एका शाळेत गणित शिकवायची. दादा, म्हणजे अजित, त्याच शाळेत दहावीत होता आणि मी सातवीत. अंगण झाडणं माझ्याकडे होतं. त्या घराचा पहिला आवाज कोणता, असं विचारलं तर मी खराट्याचा सांगेन, आणि त्याच्यामागे लांबवर, रुळांवर एकमेकींना धडकणाऱ्या कोळशाच्या वाघिणींचा.

राखेत ठसे फार छान उमटतात. दूधवाला अनवाणी यायचा, त्याच्या डाव्या पायाची करंगळी जमिनीला टेकत नसे, हे मला त्याचा पाय कधीही नीट न बघता ठाऊक होतं. बाबांचे ड्युटीचे बूट जड, टाच खोल रुतलेली. दादाच्या पळण्याच्या बुटांना तळाला नागमोडी रेघा होत्या आणि उजव्या टाचेजवळचा एक तुकडा झिजून गेलेला होता, त्यामुळे उजवा ठसा तिथे कोरा राही. मी झाडायला लागण्याआधी हे ठसे वाचायचे. कोण गेलं, कोण आलं, कोण अजून यायचंय. पण कुणी बाहेर पडलं की लगेच झाडायचं नाही, हा नियम आमच्याकडे कडक होता. गेलेलं माणूस परत येईपर्यंत, निदान कॉलनीच्या रस्त्याचं वळण पार करेपर्यंत, केर काढायचा नाही. आई गणिताची बाई, शकुन-अपशकुन मानणारी नव्हे, पण या एका बाबतीत तीही काही बोलत नसे.

दादा लांब पल्ल्याचा पळणारा होता. शंभर-दोनशे मीटर त्याला जमत नसे, त्यात तो हमखास मागे पडायचा. पण अंतर वाढलं की बाकीचे गळत जायचे आणि हा तसाच राहायचा. त्याचा सराव आई घ्यायची. शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे कबड्डीचा संघ होता, लांब पळणाऱ्या एकट्या मुलाला द्यायला त्यांना वेळ नव्हता. म्हणून पहाटे पाचला दादा पुढे आणि आई तिच्या लेडीज सायकलवर मागे, पदर खोचून, अशी जोडी कॉलनीला एक फेरी मारून फाटकाबाहेर पडायची. उसाच्या शेतांमधून रस्ता जायचा, मग द्राक्षाच्या बागा लागायच्या, मग एक वळण, आणि वळणापुढे रस्त्याच्या डाव्या हाताला ‘निफाड’ लिहिलेला किलोमीटरचा दगड. तिथून परत. जाऊन-येऊन बारा किलोमीटरच्या आसपास भरत असावेत. आई बारा म्हणायची, मी कधी मोजलेले नाहीत.

आईचा नियम असा की दगडाला हात लावल्याशिवाय फेरी धरायची नाही. शाळेत उत्तरपत्रिका ती तपासायची तेही असंच. उत्तर बरोबर आलं पण शेवटी ‘सेंटीमीटर’ लिहिलं नाही, की गुण कापला. मुलं कुरकुरत. ती म्हणायची, “पोहोचलास ना तिथपर्यंत? मग हात लावायला काय झालं होतं?” दादा घरी येऊन मोरीत पाय धुवायला लागला की मी ओट्याजवळून ओरडून विचारायचे, “लागला?” तो म्हणायचा, “लागला.” मग सायकल भिंतीला लावत आई म्हणायची, “धरलं.” रोज तेच तीन शब्द. त्यानंतर पोहे किंवा रात्रीची भाकरी कुस्करून केलेला काला, वर कच्चं तेल आणि कांदा. दादा ताटलीत शेंगदाणे वेगळे काढून ठेवायचा आणि शेवटी एकदम तोंडात टाकायचा. त्याच्या त्या शेंगदाण्यांवर माझा डोळा असे.

गणपती उठल्यावर त्याला ताप आला. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, मला फारसं कळूही दिलं नव्हतं. ताप मेंदूत गेला असं सगळे म्हणत. दवाखान्यातून तो परत आला तेव्हा अंगणात इतकी माणसं होती की राखेत कुणाचाच ठसा वेगळा दिसत नव्हता. त्याला नेलं, माणसं वळणापर्यंतही गेली नसतील, आणि कुणीतरी बाई माझा खराटा घेऊन मागोमाग घर झाडायला लागली. तशी रीत आहे, हे मला नंतर सांगितलं गेलं. तेव्हा मी तिच्या हातातून खराटा ओढायला लागले आणि मला दोघींनी धरून आत नेलं.

एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, बाबांकडून नंतर कळली. पण पुढचं नीट कळावं म्हणून इथेच सांगून टाकते. ताप येण्याच्या दिवशी पहाटे दादा म्हणाला होता की पाय दुखतायत. आई म्हणाली, निघ तर खरं, दुखणं पळताना सुटतं. वळणावरून दगड दिसायला लागला आणि तो तिथूनच मागे फिरला. आई सायकलवरून उतरली. “अजित, हात लावला नाहीस.” तो म्हणाला, “उद्या दोनदा लावतो.” ती म्हणाली, “मग आजची मी धरली नाही.” तो हसला होता म्हणे. संध्याकाळी अंग तापलं. उद्या काही आला नाही.

त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. शेजारच्या घरांतून चकलीच्या तळणाचा वास यायचा आणि आमच्याकडे शेजाऱ्यांनी आणून दिलेला फराळ डब्यात तसाच राहिला. थंडी पडायला लागली होती. एका पहाटे मी खराटा घेऊन दारात आले आणि पायरीवरच थांबले. राखेत दादाचे ठसे होते. पायरीपासून फाटकापर्यंत, नागमोडी रेघा, उजव्या टाचेजवळ कोरी जागा. जाणारे होते. येणारा एकही नव्हता.

बाबा नाईटला होते. मला आईला हाक मारायची होती, पण हाक मारली आणि ती घरात नसली तर, अशी भीती वाटली, म्हणून मारली नाही. मी खराटा हातात धरून तशीच उभी राहिले. झाडायचं नव्हतं, कारण गेलेलं माणूस परत यायचं होतं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. उजाडायला लागलं तेव्हा रस्त्यावरून बूट वाजत आले, तोच आवाज, उजवा जरासा घासून पडणारा, आणि फाटक ढकलून आई आत आली. सलवार-कमीज, ओढणी कमरेला बांधलेली, पायात दादाचे बूट, आतून मोज्यांचे दोन जोड. श्वास लागला होता. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, “कुकर लावलास का?”

पुढच्या महिन्यांत घराचा असा एक क्रम बसला. आई रात्रीच कणीक मळून ओल्या फडक्याखाली ठेवायची, भाजी चिरून ठेवायची, कुकरमध्ये डाळ-तांदूळ पाण्यासकट भरून झाकण नुसतं टेकवून ठेवायची. ती गेली की शिटी लावून गॅस पेटवणं, तीन शिट्यांनी बंद करणं, पाणी आलं की पिंप भरणं माझ्याकडे. पोळ्या ती आल्यावर करायची. ओल्या केसांनीच तवा तापवायची, केसांतलं पाणी पाठीवर ओघळायचं आणि पोळीचा पापुद्रा सुटताना तिचा श्वास हळूहळू खाली यायचा. संध्याकाळी उत्तरपत्रिका, आठवडी चाचण्या, मग माझी उजळणी. शाळेला तिला एकदाही उशीर झाला नाही. मुख्याध्यापकांनी एकदा बोलावून सांगितलं की बाई, तुम्ही रस्त्याने धावता, विद्यार्थी बघतात. ती म्हणाली, “बघतात म्हणून तर सर, वर्गावर वेळेवर जावं लागतं.” हे तिने घरी सांगितलं नाही, शिपायाने बाबांना सांगितलं. बाबांना तो प्रसंग फार आवडला. पण तिच्यासमोर त्यांनी तो कधी काढला नाही.

दहावीच्या त्या तुकडीची वर्गशिक्षिका आईच होती. माझा वर्ग भिंतीपलीकडे. तिची हजेरी मला रोज ऐकू यायची, ती नावं न घेता क्रमांक म्हणायची. अठरा, हजर. एकोणीस. मग थोडी जागा. मग वीस, हजर. एकोणीस दादाचा. वर्ष अर्ध्यावर असताना क्रमांक बदलत नाहीत, पटावर रेघ मारलेली असते, तो म्हणायचा नसतो. ती म्हणायची. त्या जागेत चाळीसएक दांडगी मुलं गप्प बसायची. त्यातला एकही कधी हसला नाही, याबद्दल मी त्या वर्गाची अजून ऋणी आहे. त्यातले दोघेतिघे आता मला बँकेत भेटतात. मी काउंटरच्या आत असते, ते बाहेर. आम्ही कर्जाच्या व्याजदराबद्दल बोलतो.

मला काय हवं होतं ते मी सरळ लिहिते. मला आई हवी होती. ती घरात होती, माझा डबा भरत होती, वेण्या घालत होती, माझी गणितं बरोबर येत होती. पण पहाटे कुणाच्या तरी बुटांत पाय घालून ती जायची आणि परत येणारं माणूस दर वेळी थोडं कमी असायचं. मी अंगणात उभी राहून वाट बघायचे ती कुणाची, हेही मला नीट सांगता येईना. बाबांना एकदा म्हटलं, “तिला नको म्हणा ना.” ते बुटांचे बंद सोडत होते. म्हणाले, “मला पाळी आहे, जावंच लागतं. तिने तिची पाळी लावून घेतलीय. राहू दे.”

संक्रांतीलाही घरात सण नव्हता. दुखवट्याच्या वर्षात सणाच्या दिवशी घर ओकंबोकं वाटू नये म्हणून जवळचं कुणी येऊन राहतं, तशी निफाडहून आत्या आली. बाबांची मोठी बहीण. द्राक्षं अजून आंबट होती तरी तिने पाटी भरून आणली होती. ती आली की घरात आवाज यायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे आईला बुटांचे बंद बांधताना बघून ती अंथरुणातूनच म्हणाली, “वहिनी, आमच्या म्हशी पण एवढ्या लवकर उठत नाय गं.” आई म्हणाली, “म्हशींना पहिला तास नसतो, ताई.” आणि गेली. आत्या हसली, मग उठून बसली आणि दाराकडे बघत राहिली. मी खराटा उचलला तर म्हणाली, “ठेव तो. ती येऊ दे आधी.”

त्या दिवशी बाबा दुपारी जेवायला बसले तेव्हा आत्याने विषय काढला. आई शाळेत होती. “भाऊ, पोराचे जोडे घरात ठेवलेत तुम्ही. तेराव्याला दान दिले ते नवे. असं नसतं करत.”

“त्याने काय होतं, आक्का?”

“काय होतं मला इचारतो? आमच्या गावचा टेम्पोवाला रोज पहाटे भाजी घेऊन त्या रस्त्याने येतो. तो काय म्हणतो माहिते? मास्तरीणबाई त्या दगडापुढं येऊन थांबत्यात. हात लावत नाय, बसत नाय. दोन पावलं अलीकडं नुसत्या उभ्या. मागं वळून वळून बघत्यात. लय भ्या वाटतं म्हणे, हॉर्नसुद्धा वाजवत नाय तो.” तिने पदर तोंडाला लावला. “पोरगं अडकलंय भाऊ. नाय तर मग ती अडकलीय. दोन्हीतलं एक.”

बाबांनी ताटातला भात एका बाजूला सारला. मग म्हणाले, “जोडे मागायचे असतील तर तू माग. माझ्याच्याने व्हायचं नाही.”

जोडे मागायच्या आधी खरं-खोटं बघून घ्यावं असं आत्याच्या मनात आलं असावं. पुढच्या पहाटे आई बाहेर पडली तशी आत्याने मला हलवून उठवलं. बाबा नाईटला होते. “सुजे, ऊठ. सायकल घे आणि आईच्या मागं जा. ती तिथं काय करते एवढं बघून ये मला.” कडाक्याची थंडी होती. माझा स्वेटर धुवून दोरीवर ओला होता. आत्याने कपाटात हात घातला, जे पहिलं लोकरीचं लागलं ते काढून माझ्या डोक्यातून घातलं, वर कानटोपी ओढली. ती दादाची होती. दोन्ही दादाची होती. अंधारात तिलाही कळलं नसावं, आणि मी काही बोलले नाही, कारण त्या स्वेटरला अजून त्याचा वास होता.

मी आईची सायकल काढली आणि फाटकाबाहेर पडले. आई आधी कॉलनीला एक फेरी मारते आणि मग रस्त्याला लागते, हे आत्याला माहीत नव्हतं आणि मला माहीत असून झोपेत आठवलं नाही. त्यामुळे मी तिच्या मागे जायच्या ऐवजी पुढे निघाले होते. ती आता दिसेल, मग दिसेल, म्हणून मी जोरात पायडल मारत राहिले. उसाच्या पानांवरून दव टपकत होतं, इतकं की पाऊस पडतोय असं वाटावं. बागांच्या कडेला धुकं होतं. मागे वीज केंद्राचे लाल दिवे एकावर एक दिसत होते. वळण आलं, दगड आला, आई नव्हती. मला वाटलं, ती याहून पुढे जाते की काय. पण पुढच्या अंधाराकडे बघून माझं धाडस झालं नाही. सायकल बाभळीला टेकवली, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले, आणि बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून दगडावर बसले. पाय जमिनीपर्यंत जेमतेम पोहोचत होते.

आधी आवाज आला. बूट. उजवा घासून पडणारा. आईच आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी अंगावर काटा आला, कारण तो आवाज मी जन्मभर दादाचा म्हणून ऐकला होता आणि तो अंधारातून माझ्याकडेच येत होता. मग वळणावर एक आकृती दिसली. ती वळणावर आली आणि थांबली. एकदम थांबली, भिंत लागल्यासारखी. थोडं उजाडलेलं होतं, माणूस दिसावं पण चेहरा दिसू नये इतपत. तिला काय दिसत असेल हे मला त्या वयातही कळलं. दादाची टोपी, दादाचा स्वेटर, दगडावर कुणीतरी बसलेलं. मला हाक मारायची होती, “आई, मी आहे.” आवाज फुटला नाही. ती चालत पुढे आली, पळत नाही, चालत, आणि दोन पावलं अलीकडे उभी राहिली. टेम्पोवाला म्हणाला होता तिथेच. तिच्या तोंडातून वाफ येत होती.

ती म्हणाली, “लागला?”

हा प्रश्न तिचा नव्हता. तो घरात माझा प्रश्न होता. त्याला एकच उत्तर असायचं आणि तेच माझ्या तोंडून गेलं. “लागला.”

ती उभी राहिली. उसातून एक पाखरू उडालं. मग ती म्हणाली, “धरलं.”

नंतर तिने जवळ येऊन माझी टोपी मानेमागून नीट केली, दादाची करायची तशी, आणि म्हणाली, “चल. उशीर होईल.” परतताना मी सायकलवर आणि ती शेजारून पळत. आत्या पायरीवर बसलेली होती. आम्हाला बरोबर येताना बघून ती उठली, विचारायचं होतं ते तिने विचारलं नाही, आत जाऊन चहा टाकला. तो फार गोड झाला होता. त्या दिवशी राखेतले ठसे मी झाडले तेव्हा त्यात सायकलच्या चाकाची रेघ होती, आणि तिच्या बाजूबाजूने बूट.

बाबा ड्युटीवरून आले तेव्हा मी त्यांना मोरीजवळ गाठून सगळं सांगितलं. त्यांनी हातातला साबण खाली ठेवला. न धरलेल्या त्या फेरीचं त्यांनी मला तेव्हा सांगितलं. ते ऐकून मला कळलं की मी काय उत्तर दिलं होतं, आणि कुणाच्या वतीने.

आत्या निघायच्या दिवशी आईने बूट घासून धुतले, उन्हात वाळवले, बंद ओवले आणि न मागता तिच्या पिशवीत घातले. “कुणाला द्यायचे ते तुम्ही बघा, ताई. मला सांगू नका.” आत्या रडली, आई रडली नाही. एक दिवस आई पळायला गेली नाही. रविवारी नाशिकरोडच्या बाजारातून स्वतःच्या मापाचे पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आली आणि सोमवारी पुन्हा पाचला बाहेर पडली. अंगणातला ठसा लहान झाला. हजेरी मी मुद्दाम भिंतीला कान लावून ऐकली. अठरा, हजर. वीस, हजर. पुढच्या रविवारी मी सायकलवर बरोबर गेले. दगडाशी ती थांबली नाही. तळवा टेकवला आणि फिरली, पोहणारा भिंतीला हात लावून फिरतो तशी.

ती पुढे खूप वर्षं पळाली. शहरात मोठ्या शर्यती सुरू झाल्या तेव्हा नंबर छातीला लावून पळाली, निवृत्तीच्या वर्षीही पळाली, मग गुडघ्यांनी नाही म्हटलं. मी कधी पळाले नाही. मी सायकलवर. लोकांना वाटायचं की आई-मुलीचं काय छान जमतं, आणि ते खोटं नव्हतं. पण माझ्या मनात एक गोष्ट तशीच राहून गेली आणि मी ती कुणाला बोलले नाही. त्या पहाटे तिने जे विचारलं ते दादाला विचारलं. तिला तो क्षणभर परत मिळाला, मी फक्त स्वेटर होते. मला त्याबद्दल राग नव्हता. एवढंच, की त्यानंतर तिने कधी मला नुसतं “सुजा” म्हणून हाक मारली तरी, ही हाक पूर्ण माझी आहे का, हे मी मनातल्या मनात तपासून बघायचे. लग्न झालं, मुलगा झाला, तरी ही सवय गेली नाही. आमच्या फ्लॅटमध्ये राख येत नाही. तरी मुलगा बाहेर पडला की मी केरसुणी हातात घेऊन खिडकीशी उभी राहते, तो वळणापलीकडे जाईपर्यंत. तो खालून वर बघून हात हलवतो. त्याला वाटतं, मी त्याला टाटा करायला उभी आहे.

मागच्या थंडीत आत्या गेली. दहाव्याला मी आईला घेऊन गाडीने निफाडला निघाले. नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीतून वाट काढून सरळ हायवेने गेलो असतो तर लवकर पोहोचलो असतो, पण आई म्हणाली, एकलहऱ्यावरून घे. तो रस्ता आता रुंद झालाय, ऊस कमी झालाय, बाभळी नाहीत. रुंदीकरणात दगड गेला. वळण तेवढं राहिलंय. वळण आलं तशी आई म्हणाली, “हळू घे.”

“आई, दगड नाही आता तिथे.”

“माहीत आहे मला. हळू घे.”

मी वेग कमी केला. मागे उसाचा ट्रक होता, त्याने हॉर्न द्यायला सुरुवात केली. आई डावीकडच्या काचेतून बाहेर बघत होती. म्हणाली, “त्या दिवशी तुझी वेणी टोपीबाहेर आली होती. लाल रिबीन. वळणावरूनच दिसली. म्हटलं, हिला थंडीचं कुणी पाठवलं.”

ट्रकने पुन्हा हॉर्न दिला. मी समोर बघत होते, कारण दुसरीकडे बघता येत नव्हतं.

“मग तू विचारलंस कुणाला?”

“तुला.” मी काही वेडगळ बोलले अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. “तिथे दुसरं कोण होतं?”

तिने काचेला तळवा टेकवला, घटकाभर तसाच ठेवला, आणि काढला.

“घे आता,” ती म्हणाली. “त्या ट्रकवाल्याला जाऊ दे.”